क्योटोत अर्धाच दिवस: टॉवरवर जावं, की खाली बसून वागाशी करायला शिकावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चौघं जपानला निघालोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आईला एकाहत्तर पूर्ण झाली. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच मोठा प्रवास आहे, म्हणून तिला झेपेल आणि आवडेल असंच ठरवायचं आहे.

ओसाकाला दिरांकडे राहून टोक्योला परतताना क्योटोला सकाळी नऊला उतरायचं आणि दुपारी साडेतीनची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायची. म्हणजे हातात जेमतेम सहा तास. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फुशिमी इनारीची तोरणांची चढण आणि कियोमिझू देवळाचा चढाचा रस्ता दोन्ही बाद. स्टेशनसमोरच क्योटो टॉवर आहे. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वागाशी, म्हणजे जपानी पारंपरिक मिठाई, आपल्या हातानं करायला शिकवतात असं समजलं.

माझे प्रश्न असे. टॉवरवर जाण्यात अर्थ आहे का? मिठाई शाकाहारी असते का? (आई अंडंही खात नाही.) आणि दोन्ही करायचं तर आधी काय करावं?

कोकणकडा

क्योटोला जाऊन टॉवर? हजार वर्षांहून जुन्या राजधानीत जायचं आणि तिथली सगळ्यात बेसूर वस्तू बघायची? मला पटत नाही. गुडघे दुखत असतील तर हिगाशी होंगान-जी या बौद्ध देवळात जा. स्टेशनपासून सपाट रस्त्यानं दहा मिनिटं. जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींमध्ये त्याची गणना होते, आत तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, शांत बसता येतं, तिकीट नाही. आईंना तेच आवडेल.

निशिकासाईकर

अकरा वर्षं टोक्योत आहे. पाहुणे आले की क्योटोची फेरी ठरलेली, त्यामुळे टॉवरवर सहा-सात वेळा तरी गेलो असेन. कोकणकडा यांच्याशी असहमत.

क्योटो खालून कळत नाही. खाली गल्ल्या, बस, गर्दी, आणि देऊळ एकदम भिंतीआड उगवतं. टॉवरची गॅलरी १०० मीटरवर आहे. तिथून शहराची मांडणी एका नजरेत येते: तिन्ही बाजूंनी डोंगर, दक्षिण मोकळी, आणि मधे ७९४ साली आखलेल्या राजधानीचे सरळसोट रस्ते. उत्तरेला पायाशीच हिगाशी होंगान-जीची छपरं, पूर्वेला सान्जूसान्गेन्दो देवळाचं लांबलचक छप्पर, त्यामागे डोंगराच्या कुशीत कियोमिझू, ईशान्येला हिएइ पर्वत, नैर्ऋत्येला तोजी देवळाचा पाच मजली पॅगोडा. गॅलरी गोल आहे आणि दुर्बिणी फुकट आहेत, नाणं टाकावं लागत नाही. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर याचं मोल फार.

शिवाय ज्या देवळांपर्यंत आईंना चालत नेता येणार नाही, ती सगळी तिथून दाखवता येतील.

बोरीबंदर

दुर्बिणी फुकट म्हणताय, मग लेक साडेतीनच्या गाडीपर्यंत खाली येते का बघा.

कोकणकडा

निशिकासाईकर, मांडणी कळते हे मान्य. पण ती ज्याच्यावर उभं राहून बघायची, त्यानंच ती बिघडवली त्याचं काय? हा टॉवर १९६४ च्या डिसेंबरात सुरू झाला, टोक्यो ऑलिंपिक आणि शिंकान्सेनचं तेच वर्ष. तेव्हा त्याला केवढा विरोध झाला होता. क्योटोत उंचीला ३१ मीटरची मर्यादा असताना हा १३१ मीटरचा खांब उभा राहिला, कारण कागदोपत्री तो इमारत नव्हताच, इमारतीच्या गच्चीवरचं एक बांधकाम होता. पुढे १९९७ साली ६० मीटर उंचीचं नवं स्टेशन आलं तेव्हा पुन्हा तोच वाद. शेवटी २००७ मध्ये महापालिकेनं शहराच्या मध्यभागातली कमाल उंची ४५ वरून परत ३१ मीटरवर आणली आणि गच्चीवरचे जाहिरातफलक बंद केले. म्हणजे चूक कळली होती.

मी पुण्यात वाढलो. पर्वतीवरून दिसणारं शहर तीस वर्षांत कसं बदललं ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून या विषयावर मला शांत राहता येत नाही.

दगडफूल

मी पूल आणि मनोरे यांच्या गणितात काम करते, त्यामुळे या ‘बेसूर वस्तू’ची बाजू घेणं भाग आहे.

क्योटो टॉवरला सांगाडा नाही. टोक्यो टॉवर बघा, लोखंडी तुळयांची जाळी आहे. इथे १२ ते २२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची नळकांडी एकावर एक जोडून वेल्डिंग केली आहेत, सगळा भार ते कवचच पेलतं. अंड्याचं टरफल जसं आतल्या काठ्यांशिवाय उभं असतं, तसं. आणि हे सगळं नऊ मजली इमारतीच्या डोक्यावर, भूकंपाच्या देशात. वास्तुकार मामोरू यामादा, टोक्योतलं बुदोकान ज्यांचं तेच. त्यांच्या मनात दीपस्तंभ होता. समुद्र नसलेल्या शहरात कौलारू घरांच्या लाटा उजळणारा दीपस्तंभ. लोक मात्र त्याला मेणबत्ती समजतात.

कोकणकडा, तुम्हाला न आवडण्याचा पूर्ण हक्क आहे. पण जाळीचा मनोरा तिथे आणखी किती बोचला असता याचा विचार करा. गुळगुळीत पांढरा खांब ढगाळ दिवशी जवळजवळ पुसला जातो.

खडीसाखर

वागाशीबद्दल मी लिहिते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. २०१७ मध्ये टॉवरच्या इमारतीचे तळघर ते दुसरा हे मजले नव्यानं उघडले: तळघरात खाणं, तळमजल्यावर भेटवस्तू, दुसऱ्यावर हातानं करून बघायच्या गोष्टी. आम्ही २०१९ ला गेलो होतो तेव्हा मी तिथे नेरिकिरी शिकले. साधारण सव्वा तास लागला.

रानजाई, तुमच्या आईला हे परकं वाटणार नाही. मुळात हे पुरणच आहे. फक्त हरभऱ्याच्या डाळीऐवजी तांबड्या अझुकीचं किंवा पांढऱ्या घेवड्याचं. दाणे शिजवायचे, साली काढायच्या, गाळून पाणी पिळून टाकायचं आणि साखर घालून आटवायचं. आपल्याकडे उलथणं पुरणात उभं राहिलं की पुरण झालं म्हणतात ना, तिथेही आचेवरची ती नजरच महत्त्वाची. या पांढऱ्या पुरणात चिकट तांदळाच्या पिठाची शिजवलेली उकड मिसळली की नेरिकिरीचा गोळा होतो. तो मातीसारखा वळतो. रंग घालून त्याचे ऋतूप्रमाणे आकार करायचे. वसंतात साकुरा, जूनमध्ये हायड्रेंजिया, तुम्ही जाल तेव्हा मेपलचं लाल पान, शेवंती किंवा पर्सिमनचं फळ.

एक प्रकार मला अजून आठवतो. गोळा चाळणीवर दाबून खालून शेवयांसारखे तुकडे पाडायचे आणि चॉपस्टिकनं एकेक उचलून आतल्या गोळ्याभोवती रचायचे. दाबलं की बिघडलं. माझ्या शेजारचा दांडगा ऑस्ट्रेलियन माणूस श्वास रोखून ते करत होता. शेवटी त्याचंच सगळ्यांत सुंदर झालं.

नेरिकिरीत दूध, तूप, अंडं काही नसतं. घट्टपणा हवा असेल तर समुद्री शेवाळाचं कांतेन वापरतात, जिलेटिन नाही. पण दोरायाकी आणि कास्तेरा या केकसारख्या प्रकारांत अंडं असतं, तेव्हा दुकानातून उचलताना विचारून घ्या.

पागोळी

खडीसाखर, काय सुरेख लिहिलंय! वाचनखूण साठवली. आम्ही जपानी मिठाईला ‘गोड राजमा’ म्हणून नाकं मुरडली होती. उकड आणि पुरण या दोनच शब्दांनी सगळं बदललं.

जास्वंद

थोडं अवांतर. मुलं बरोबर असतील तर टोक्योतही असं काही करता येईल. आम्ही कप्पाबाशीला, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या भांड्यांच्या बाजारात, खोटं जेवण करायला शिकलो. हॉटेलांच्या काचेत ठेवतात ते नमुने. कोमट पाण्यावर रंगीत मेण ओतायचं, ते पसरतं, मग त्यात कोळंबी गुंडाळली की तेंपुरा तयार. पातळ मेण पाण्याखाली ओढून धरलं की सुरकुत्या पडून लेट्यूसचा गड्डा होतो. माझ्या मुलानं तो गड्डा आमच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि सासूबाईंनी सॅलडसाठी बाहेर काढला.

आणि टोक्यो टॉवरला गेलात तर नवऱ्यानं आणि लेकीनं जिन्यानं जावं. मुख्य गॅलरीपर्यंत सुमारे ६०० पायऱ्या आहेत, उघड्या हवेत, लोखंडाच्या जाळीतून. आईंबरोबर तुम्ही लिफ्टनं जा. ३३३ मीटरचा तो मनोरा १९५८ चा. त्याच्या पोलादात कोरियन युद्धातले भंगारात काढलेले अमेरिकन रणगाडे वितळवून वापरले आहेत. मुलाला हे सांगितलं तर तो प्रत्येक तुळईला हात लावत वर चढला.

बोरीबंदर

फ्रिजमधल्या लेट्यूसवर वेगळा धागा काढा.

सोनकुसुम

टोक्योच्या स्काय ट्री मनोऱ्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? ६३४ मीटर! मुसाशी या जुन्या प्रांताच्या नावावरून हा आकडा निवडला, मु म्हणजे सहा, सा तीन, शी चार.

दगडफूल

सोनकुसुम, धन्यवाद, मला निमित्त हवंच होतं. स्काय ट्रीच्या पोटात ३७५ मीटर उंचीचा काँक्रीटचा पोकळ खांब आहे. बाहेरच्या पोलादी जाळीपासून तो वरच्या भागात सुटा ठेवलाय, मधे तेलाचे शॉक अब्सॉर्बर. भूकंपात मनोरा आणि खांब वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकांचा जोर मारतात. त्याला नाव दिलंय ‘शिनबाशिरा’. पाच मजली लाकडी पॅगोडांच्या मधल्या खांबाला हाच शब्द आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपावेळी काम शेवटच्या टप्प्यात होतं. मनोरा टिकला आणि आठवड्याभरात, १८ मार्चला, पूर्ण उंचीला पोचला. टोक्यो टॉवरच्या अँटेनाचं टोक मात्र त्या दिवशी वाकलं.

म्हणून रानजाई, क्योटो टॉवरवरून तोजीचा पॅगोडा दिसेल तेव्हा तो लेकीला नीट दाखवा. जवळजवळ ५५ मीटर, जपानातला सर्वांत उंच लाकडी पॅगोडा. आजचा १६४४ मधला आहे. आधीचे आगीत गेले, वीज पडून गेले, भूकंपानं पडला असं नाही.

उगवतीचा_पाऊस

तोजीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथल्या व्याख्यान-मंडपात २१ मूर्तींचं मंडल आहे. त्यात चार हंसांवर बसलेला बोन्तेन आहे आणि हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन. म्हणजे आपले ब्रह्मदेव आणि इंद्र. मी एकटा होतो, बाहेर पाऊस होता, आणि हंस दिसल्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. इतक्या दूर, इतक्या काळानं, कुणीतरी घरचं भेटल्यासारखं. सान्जूसान्गेन्दोतही कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्तींच्या रांगेपुढे बेन्झाइतेन आहे, ती आपली सरस्वती.

वेळ असेल तर टॉवरऐवजी तोजीला जा असंच मी म्हणेन. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं, सपाट.

निशिकासाईकर

एक काळजी. भूकंपाचा हलका धक्का बसला तरी मनोऱ्यांच्या लिफ्ट आपोआप थांबतात, तपासणी झाल्यावरच सुरू होतात. मी एकदा एका मनोऱ्यावर पन्नास मिनिटं अडकलोय. कर्मचारी शांतपणे खुर्च्या आणून देत होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण पुढची गाडी चुकली. म्हणून साडेतीनची शिंकान्सेन असेल तर दोन वाजता वर चढू नका. आणि वर्गाचं बुकिंग इथूनच करून जा.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. आईला अख्खा धागा वाचून दाखवला. ब्रह्मदेवाच्या हंसांपाशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. पुरणाचं ऐकून म्हणाली, ‘मग शिकायचं काय त्यात?’ :)

खडीसाखर, तिथे खाली बसावं लागतं का? आणि केलेली मिठाई टिकते किती?

खडीसाखर

आमच्या वर्गात टेबल-खुर्च्या होत्या, मांडी घालावी लागली नाही. एक मिठाई तिथेच माच्चाबरोबर खातात: आधी मिठाई संपवायची, मग तोंडात तो गोडवा असतानाच कडू चहा. बाकीच्या डबीत देतात, त्याच दिवशी खायच्या. प्रवासात डबी आडवी होऊ देऊ नका.

कोकणकडा

रानजाई, मी माझं मत मागे घेत नाही. पण निशिकासाईकर म्हणाले ते मनात राहिलं, चालत जाता येत नाही त्यांना दाखवता येईल हे. माझ्या आईला मी कुठेच नेऊ शकलो नाही. तुम्ही जा वर. फक्त खाली उतरलात की रस्ता ओलांडून स्टेशनच्या काचेच्या भिंतीत टॉवरचं प्रतिबिंब बघा. तेवढं एक दृश्य मलाही आवडतं.

रानजाई

परत आलो! उशीर झाला लिहायला, क्षमस्व. पण या धाग्यामुळेच तो दिवस घडला, तेव्हा सविस्तर लिहिते.

ठरवलं होतं की आधी टॉवर, मग अकराचा वर्ग. नऊ वाजता उतरलो तर पाऊस, आणि टॉवरचं वरचं टोक ढगात. दगडफूल, तुम्ही म्हणालात तसा तो खरंच पुसला गेला होता. मग बॅगा लॉकरमध्ये टाकून हळूहळू हिगाशी होंगान-जीत गेलो. कोकणकडा, तुमचे आभार. आई तिथे खांबाला टेकून अर्धा तास बसली. ओल्या लाकडाचा वास येत होता. लेकसुद्धा गप्प.

अकराला वर्ग. आम्ही तिघी आणि आणखी पाच जण. नवरा बाहेर कॉफी पीत बसला. पहिला आकार पर्सिमनचा. केशरी नेरिकिरीची पारी हातावर थापायची, मधे तांबड्या पुरणाचा गोळा, आणि डाव्या तळहातावर फिरवत फिरवत पारी वर सरकवून तोंड बंद करायचं. जोड खाली गेला पाहिजे, वरून फळ गुळगुळीत दिसायला हवं.

आईला वाटलं होतं की तिला हे येणारच. आणि नेमकं तेच आड आलं. पन्नास वर्षं मोदक वळलेली बोटं पारी दिसली की चुण्या घालू लागतात. तीन वेळा गोळा मोडला, तीन वेळा तिनं ठरवून सपाट थापला, आणि तिन्ही वेळा बोटांनी आपसूक कळ्या पाडल्या. तिसऱ्यांदा ती खरंच वैतागली. लेक म्हणाली, ‘आजी, हा लसूण झाला.’

शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील. त्या आल्या, गोळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि तो सपाट करायच्याऐवजी आईसमोर ठेवून नवी पारी दिली. खुणेनं सांगितलं, पुन्हा कर, मला बघू दे. आईनं केला. बाईंनी मग स्वतः प्रयत्न केला. चार चुण्या आल्या, पाचवी फाटली. आई त्यांचं बोट धरून दाखवू लागली, मराठीत. ‘अंगठा आत, अंगठा आत.’ आणि त्यांना कळत होतं! मला फोनवर भाषांतर काढायचं सुचलंच नाही. शेवटी बाईंनी आईच्या कळीदार फळावर हिरवी पाकळी चिकटवली आणि डबीत सगळ्यांत पुढे ठेवलं.

बाहेर आलो तर आकाश मोकळं. साडेबाराला वर गेलो. आईनं गॅलरीची पूर्ण फेरी दोनदा मारली, मधे बसत. तिला देवळांइतकीच घरांची मागची बाजू आवडली: वाळत घातलेले कपडे, शाळेचं मैदान, देवळाला लागून असलेलं छोटं कब्रस्तान, आणि खाली रुळांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. सगळी छपरं एका उंचीला थांबलेली दिसतात. कोकणकडा, तुमचा ३१ मीटरचा नियम वरून अगदी स्पष्ट कळतो. लेकीनं दुर्बिणीतून तोजीच्या पॅगोड्याचे पाच मजले मोजले. आईनं विचारलं, ‘हंस त्याच आवारात ना?’ हो म्हटल्यावर तिनं तिथूनच हात जोडले.

आता माझ्याच प्रश्नांची उत्तरं, पुढे कुणी शोधत आलं तर: टॉवर जरूर बघा. मधे लिफ्ट बदलावी लागते, पण गुडघ्यांना त्रास नाही. आधी काय करायचं ते त्या दिवशीच्या आभाळाकडे बघून ठरवा. वर्गाची वेळ पक्की असते, टॉवरची नसते.

उगवतीचा_पाऊस

‘तिथूनच हात जोडले’ यावर थांबलो. माझं तोजीला जा हे म्हणणं मागे.

दगडफूल

डाव्या तळहातावर फिरवून तोंड बंद करणं हे मीही शिकून बघितलंय आणि मला मोदकही येत नाही, दोन्हीकडे सारखीच हरले. आईंना नमस्कार सांगा.

पागोळी

आणि ते कळीदार फळ कुणी खाल्लं?

रानजाई

पागोळी, शिंकान्सेनमध्ये बाकीच्या संपल्या. ते आईनं टोक्योपर्यंत मांडीवर सरळ धरून आणलं. रात्री हॉटेलच्या खोलीत लेकीबरोबर निम्मं निम्मं.

खडीसाखर, एक विचारायचं राहिलं. तो चाळणीचा प्रकार आम्हाला शिकवला नाही आणि आईला करून बघायचाच आहे. पांढरा घेवडा इकडे मिळाला नाही, म्हणून तिनं आज पांढरी चवळी भिजत घातली आहे. चालेल ना?

खडीसाखर

चालेल. पण सालं एकूण एक काढा, डोळ्याचा काळा भाग राहिला तर रंग करडा येतो. आणि गाळल्यावर फडक्यात घट्ट पिळा, पुरणासाठी पिळता त्याच्या दुप्पट जोरानं. झालं की फोटो टाका.